प्रस्ताव एका बंद पडलेल्या मार्गाचा

आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या लॅपटॉपवर एखादा तरी ट्रेन सिम्युलेटर असतोच. परीक्षा जवळ आली की तो जरा जास्तच चालतो, हा भाग वेगळा! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सिम्युलेटर म्हणजे नुसता गाडी पळवण्याचा खेळ नव्हे. खऱ्या इंजिनाची कळ, ब्रेक, सिग्नल, चढ-उतार, डब्यांचं वजन हे सगळं त्यात हिशेबानं मांडलेलं असतं. ब्रेक उशिरा लावला तर गाडी स्टेशन सोडून पुढे जाते आणि चढावर कळ एकदम ओढली तर चाकं जागच्या जागी फिरतात. 'ओपन रेल्स' आणि 'ओपनबीव्हीई'सारखे सिम्युलेटर तर फुकट मिळतात.

या खेळात गाडीइतकाच महत्त्वाचा असतो तो मार्ग. रूळ, पूल, बोगदे, स्टेशनं, डोंगर, झाडं हे सगळं कुणीतरी बसून बनवलेलं असतं. एक मार्ग बनवायला हौशी लोकांना दोन-तीन वर्षंसुद्धा लागतात. म्हणून असे गट आणि कंपन्या लोकांकडून प्रस्ताव मागवतात: कोणता मार्ग करावा, आणि का?

दोन वर्षांपूर्वी मीही अशा एका गटाला प्रस्ताव पाठवला होता. चार ओळींचा. 'हा मार्ग फार सुंदर आहे, त्याला मोठा इतिहास आहे, कृपया करावा.' उत्तर एका ओळीचं आलं: 'कोणत्या वर्षीचा?'

तेव्हा मला ते उत्तर उद्धट वाटलं. आज वाटतं की सगळ्या प्रस्तावाचं मर्म त्या एका प्रश्नात होतं. ते कसं, हे मी त्याच मार्गाचं उदाहरण घेऊन सांगणार आहे. मार्ग इंग्लंडमधला आहे, मँचेस्टर ते शेफील्ड, वूडहेडच्या बोगद्यातून जाणारा. आज तिथे मधल्या डोंगरात एकही रूळ नाही.

हाच मार्ग का?

मँचेस्टर आणि शेफील्ड ही दोन कारखान्यांची शहरं. एक कापडाचं, दुसरं पोलादाचं. दोघांच्या मध्ये पेनाइन नावाची डोंगररांग आडवी पडली आहे. उंची आपल्या सह्याद्रीपेक्षा कमी, पण वर दलदलीचा माळ, पाऊस, धुकं आणि हिवाळ्यात बर्फ. हा डोंगर पोखरून १८४५ च्या डिसेंबरात रेल्वे आरपार सुरू झाली. बोगद्याची लांबी ३ मैलांहून थोडी जास्त, म्हणजे जवळजवळ ५ किलोमीटर. त्या वेळी जगातल्या सर्वांत लांब रेल्वे बोगद्यांपैकी तो एक होता. सुरुवातीला एकच रूळ जाईल एवढा अरुंद. मग १८५२ मध्ये शेजारी तसाच दुसरा झाला. एकातून जायचं, दुसऱ्यातून यायचं.

पूर्वेच्या बाजूला दक्षिण यॉर्कशरच्या कोळशाच्या खाणी. पश्चिमेला लँकशरच्या गिरण्या आणि पुढे वीजकेंद्रं. त्यामुळे कोळशाच्या मालगाड्या रात्रंदिवस डोंगर चढायच्या. शेफील्ड ते मँचेस्टर साधारण ४१ मैल, म्हणजे सुमारे ६६ किलोमीटर. पण खरी परीक्षा मुख्य मार्गावर नव्हती. वाथ नावाच्या मोठ्या यार्डातून कोळसा घेऊन येणाऱ्या फाट्यावर वर्सबरोचा चढ लागायचा. तो १ ला ४०, म्हणजे ४० मीटर पुढे गेलं की १ मीटर वर.

हा आकडा आपल्याला परका नाही. लोंढ्याहून गोव्याला जाताना कॅसलरॉक ते कुळे हा घाट १ ला ३७ आहे. कुळ्याहून वर येणाऱ्या गाडीला मागून बँकर इंजिनं लावतात, ते आपण दूधसागरच्या खिडकीतून माना बाहेर काढून पाहिलेलं आहे. वर्सबरोलाही हेच चालायचं. वाफेच्या काळात एका कोळशाच्या गाडीला पुढे-मागे मिळून चार इंजिनं लागत. पुढे १९२५ मध्ये मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्यानं या चढासाठी एक प्रचंड गॅरट इंजिन बांधलं. मध्ये एकच बॉयलर आणि त्याच्या दोन टोकांना चाकांचे दोन स्वतंत्र संच. ब्रिटनमधलं ते सर्वांत ताकदवान वाफेचं इंजिन. त्याचं काम एकच, मागून ढकलणं.

आता विचार करा, असं जड काम करणारी इंजिनं धूर सोडत ५ किलोमीटर लांब, अरुंद बोगद्यात शिरली तर आतल्या माणसांचं काय होत असेल? ड्रायव्हर-फायरमन तोंडावर ओलं फडकं बांधून वाकून बसायचे. शंभर वर्षांच्या धुरानं बोगद्याची आतली बाजूही खराब होत गेली.

मुंबईची वीज, मँचेस्टरची वीज

यावर उपाय म्हणजे वीज. १९३६ मध्ये योजना ठरली, पण महायुद्धामुळे काम थांबलं. युद्धानंतर लक्षात आलं की जुन्या बोगद्यांत तारा लावणं धोक्याचं आहे, इतके ते थकलेत. म्हणून दोन रूळ मावतील असा तिसरा नवा बोगदा खणला. तो १९५४ च्या जूनमध्ये सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मँचेस्टर-शेफील्ड हा सबंध मार्ग विजेवर आला.

ही वीज होती १५०० व्होल्ट डीसी. हे वाचून मुंबईला जाणाऱ्या-येणाऱ्यांचे कान टवकारले असतील. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेची गाडी धावली, ती याच दाबावर. १९२९ मध्ये खंडाळ्याच्या घाटातून पुण्यापर्यंत आणि १९३० मध्ये कसाऱ्याच्या घाटातून इगतपुरीपर्यंत तारा गेल्या, त्याही याच दाबाच्या. घाटातल्या ज्या लांबट मालगाडीच्या इंजिनाला आपले लोक 'खेकडा' म्हणायचे, त्याची विजेची यंत्रं मँचेस्टरच्या मेट्रोपोलिटन-व्हिकर्स कंपनीची. वूडहेडच्या इंजिनांची विजेची यंत्रंही त्याच कंपनीची. म्हणजे मँचेस्टरच्या कंपनीनं आधी आपल्या घाटातली विजेची इंजिनं सजवली आणि वीस-पंचवीस वर्षांनी स्वतःच्या दारातल्या डोंगराची. इंग्लंडकडून सगळं आपल्याकडे नंतर आलं, असं नेहमीच घडलेलं नाही!

आता तो प्रश्न: कोणत्या वर्षीचा?

नकाशावर मार्ग एकच दिसतो. काळ बदलला की तो मार्ग बदलतो. वूडहेडच्या बाबतीत बघा.

तुम्ही १८४५ निवडलंत तर दरीत पाणी नको. आज लाँगडेंडेलच्या त्या दरीत एकाखाली एक धरणं दिसतात. मँचेस्टर शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधलेली. पण त्यांचं काम सुरू झालं १८४८ मध्ये आणि संपलं १८७७ मध्ये. गाडी आधी, धरणं नंतर. १८४५ च्या खिडकीतून फक्त ओढा आणि माळ दिसायला हवा.

तुम्ही १९७५ निवडलंत तर डोंगरातून जाणारी प्रवासी गाडी नको. शेफील्ड-मँचेस्टर प्रवासी गाड्या ५ जानेवारी १९७० पासून बंद झाल्या. शेफील्डचं व्हिक्टोरिया स्टेशनही त्याच दिवशी बंद. मग तिथे उरतात त्या मालगाड्या.

मी निवडतो १९५५. कारण त्या एका वर्षात जुनं आणि नवं शेजारी शेजारी उभं होतं. डोंगरात विजेची इंजिनं, पण शेफील्डच्या पुढे लंडनकडे वाफच. म्हणजे मँचेस्टरहून विजेवर आलेली लंडनची एक्सप्रेस व्हिक्टोरिया स्टेशनात इंजिन बदलायची. लिव्हरपूलहून हार्विच बंदराला, बोटीच्या प्रवाशांना घेऊन जाणारी गाडी याच मार्गानं जायची. तिचं इंजिन दोनदा बदलायचं, गाइड ब्रिजला वाफ काढून वीज आणि शेफील्डला वीज काढून वाफ. सिम्युलेटर खेळणाऱ्याला यापेक्षा आणखी काय हवं?

पण वर्ष ठरलं की जबाबदारीही येते. १९५५ म्हटलं की पुढच्या चुका टाळाव्या लागतात:

- मँचेस्टरचं स्टेशन 'पिकॅडिली' नव्हे, 'लंडन रोड'. नाव बदललं १९६० मध्ये.
- प्रवासी गाड्यांच्या सात मोठ्या इंजिनांना पुढे इलेक्ट्रा, डायना, पँडोरा अशी ग्रीक-रोमन पुराणांतली नावं मिळाली. पण ती पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून पुढे. १९५५ मध्ये फक्त नंबर, २७००० ते २७००६.
- मालगाडीच्या इंजिनांना तेव्हा 'ईएम-१' म्हणत. 'क्लास ७६' हे नाव फार नंतरचं. अशी एकूण ५८ इंजिनं होती.
- शेफील्डजवळचं टिन्सली यार्ड दाखवू नका. ते उघडलं १९६५ मध्ये.
- जुने दोन बोगदे नव्याच्या शेजारी उभे हवेत, पण बंद. त्यांत विजेच्या मोठ्या केबल गेल्या त्या साठच्या दशकात.

कुणी म्हणेल, इतकं कोण बघतं? बघणारे बघतात. सत्तरी ओलांडलेले माणूस, ज्यानं लहानपणी प्लॅटफॉर्मवर उभं राहून वहीत इंजिनांचे नंबर टिपले, त्याला इलेक्ट्राची पाटी तीन-चार वर्षं आधी दिसली की सगळंच खोटं वाटायला लागतं. ऐतिहासिक कादंबरीत शिवकालीन मावळ्याच्या हातात चहाचा कप दिला तर आपलं होतं तसंच.

ड्रायव्हरला काम काय?

प्रस्तावात दुसरी गोष्ट सांगावी लागते: या मार्गावर चालवणाऱ्याला करायला काय आहे? देखावा कितीही सुंदर असला तरी अर्ध्या तासानं कंटाळा येतो. काम असेल तर येत नाही.

वूडहेडचं काम समजून घ्यायला त्या काळच्या ब्रिटिश मालगाडीची एक गंमत माहीत हवी. आपल्याकडच्या गाड्यांत इंजिनातून ब्रेक लावला की मागच्या डब्यांनाही लागतो. तिथल्या पुष्कळ कोळशाच्या वाघिणींना तसा ब्रेकच नव्हता. वाघिणी तीन कड्यांच्या सैल साखळीनं जोडलेल्या. ब्रेक इंजिनाचा, आणि शेवटच्या डब्यात बसलेल्या गार्डचा हाताचा. बस्स. इंजिन एकदम थांबवलं तर मागच्या वाघिणी एकामागून एक येऊन आपटायच्या. एकदम ओढलं तर साखळी तुटायची. म्हणजे पुढे ड्रायव्हर आणि शेकडो फूट मागे गार्ड यांनी एकमेकांचं मन ओळखून गाडी उतरवायची. त्यांच्यात फोन नाही, काही नाही.

इथे वूडहेडच्या विजेच्या इंजिनांचा खरा उपयोग होता. उतारावर त्यांच्या मोटरी उलटं काम करायच्या. गाडीचं वजन मोटर फिरवायचं, मोटर वीज तयार करायची आणि ती वीज वरच्या तारेत परत जायची. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. चाकांवर ब्रेकचे ठोकळे न घासता गाडी सावकाश खाली येते, आणि त्याच वेळी समोरून कुणी चढत असेल तर त्याला ही वीज मिळते. उतरणारा चढणाऱ्याला हात देतो, असं म्हणा ना! आपल्या घाटातल्या खेकड्यालाही हीच सोय होती.

म्हणून सिम्युलेटरमधलं माझं पहिलं काम असं असेल: पहाटेची वेळ, वाथ यार्ड, पाऊस. भरलेल्या वाघिणी घेऊन निघा. वर्सबरोच्या पायथ्याशी थांबा, मागे बँकर लागू द्या. शिट्टीची देवाणघेवाण होऊ द्या. मग दोघांनी मिळून चढा. पेनिस्टनला मुख्य मार्गाला लागा, डनफर्ड ब्रिजपर्यंत चढा आणि तिथून बोगद्यात शिरा. बोगद्याच्या पूर्वेच्या तोंडापाशीच चढ संपतो, आत पश्चिमेकडे उतार आहे. म्हणजे अंधारात शिरल्याबरोबर रिजनरेटिव्ह ब्रेक हाती घ्यायचा आणि साखळ्यांना धक्का न देता बाहेर पडायचं. पुढे धरणांच्या कडेकडेनं खाली मँचेस्टरपर्यंत. एकही वाघीण न आपटता पोहोचलात तर जिंकलात.

पुरावे कुठून आणायचे?

तिसरी गोष्ट पुराव्याची. 'मी ऐकलंय' हे प्रस्तावात चालत नाही. सुदैवानं ब्रिटनच्या बाबतीत घरबसल्या पुष्कळ मिळतं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑर्डनन्स सर्व्हेचे जुने नकाशे इंटरनेटवर ठेवले आहेत, आजच्या नकाशावर ते ठेवून बघता येतात. कोणतं गोदाम कुठे होतं, यार्डात रूळ किती, फाटक कुठे, सगळं त्यात सापडतं. जमिनीच्या उंच-सखलपणाची मोजमापंही इंग्लंडच्या सरकारी पर्यावरण खात्यानं खुली केली आहेत. रूळ उखडले, पण त्यांचा बांध जमिनीवर अजून आहे, तो या मोजमापांत स्पष्ट उमटतो. कर्मचाऱ्यांसाठी छापलेलं वर्किंग टाइमटेबल मिळालं तर सोन्याहून पिवळं. प्रवाशांच्या वेळापत्रकात मालगाड्या नसतात, त्यात असतात.

इंजिनांचं म्हणाल, तर ईएम-१ पैकी २६०२० नंबरचं यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाकडे आहे. १९५१ च्या 'फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन' या प्रदर्शनात ते मांडलं होतं, म्हणून त्याचे धरायचे दांडे चकचकीत स्टेनलेस स्टीलचे. सात मोठ्या इंजिनांपैकी तीन उरली, कारण १९६९ मध्ये ती सातही नेदरलँड्सला विकली गेली आणि त्यांतली सहा तिथे पुढे कित्येक वर्षं धावली. मोजमाप घ्यायला, रंग बघायला वस्तू अस्तित्वात आहे, हे प्रस्तावात आवर्जून लिहावं.

एक सावधगिरी. फोटो बघून मॉडेल बनवणं वेगळं आणि कुणाचा फोटो उचलून भिंतीवर चिकटवणं वेगळं. जुना फोटो म्हणजे बेवारशी फोटो नव्हे. परवानगी मागा. रेल्वेची हौस असलेली बरीच मंडळी आनंदानं देतात.

जे खिडकीतून दिसत नाही

इथवर सगळं तांत्रिक झालं. पण ज्या कारणासाठी हा लेख लिहायला घेतला ते अजून सांगायचं आहे.

पहिला बोगदा खणायला १८३८ मध्ये सुरुवात झाली. चार्ल्स विग्नोल्स हा पहिला इंजिनिअर, त्याच्यानंतर जोसेफ लॉकनं काम पुरं केलं. हजारभर मजूर वर माळावर दगड-मातीच्या झोपड्या बांधून राहत होते. आत सुरुंगाचं काम. दारू भोकात ठासायला लोखंडी सळया वापरत. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी उडते, आणि ठिणगी उडाली की माणूस जातो. तांब्याच्या सळया वापरता आल्या असत्या. पेटवायला सुरक्षित वातही तेव्हा उपलब्ध होती. १८४६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीनं वेलिंग्टन पर्डन या तिथल्या सहायक इंजिनिअरला त्याबद्दल विचारलं. त्याच्या उत्तराचा आशय असा, की ती वात कदाचित जास्त सुरक्षित असेलही, पण तिच्यात वेळ फार जातो, आणि जे काही जीव वाचतील त्यांच्यासाठी तेवढा वेळ घालवावा असं मला वाटत नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. तो माणूस राक्षस नव्हता. आपलं काम नेटानं करणारा, हिशेबी इंजिनिअर होता. म्हणूनच ते जास्त लागतं.

त्या पहिल्या बोगद्यात ३२ माणसं मेल्याची आणि सुमारे १४० गंभीर जखमी झाल्याची नोंद आहे. एडविन चॅडविक या सुधारकानं त्यावरून हिशेब मांडला. वॉटर्लूसारख्या लढायांत सैनिक ज्या प्रमाणात मेले, त्याहून जास्त प्रमाणात वूडहेडचे मजूर मेले. पुढे दुसऱ्या बोगद्याच्या वेळी, १८४९ मध्ये, झोपड्यांत कॉलरा शिरला आणि २८ जण दगावले. दरीच्या उत्तरेच्या उतारावर सेंट जेम्सचं लहानसं चॅपल आहे. त्याच्या आवारात त्यांच्यातल्या काहींना पुरलं. बहुतेकांच्या थडग्यावर नाव नाही.

आता मला सांगा, १९५५ च्या मार्गात हे चॅपल दाखवायचं की नाही? खेळणाऱ्याचं लक्ष सिग्नलवर, रुळांवर. चॅपल पाण्याच्या पलीकडे, टेकडीवर. बनवणारा म्हणेल, एवढ्या लांबचं कशाला? त्यापेक्षा झाडं टाकू. पण माझ्या मते ते तिथे असायलाच हवं, त्याच्या खऱ्या जागी, खऱ्या आकाराचं. आणि मार्गाबरोबर जी माहितीची पानं देतात त्यांत त्याच्याबद्दल चार ओळी हव्यात. नाहीतर आपण बोगद्याचं फक्त भोक बनवू, बोगदा बनवणार नाही.

शेवट कसा झाला?

नवा बोगदा १९५४ चा. त्यातून शेवटची गाडी गेली जुलै १९८१ मध्ये. म्हणजे अवघी २७ वर्षं. कोळशाची वाहतूक घटली. १५०० व्होल्टची यंत्रणा जुनी झाली, बाकी देशानं २५,००० व्होल्ट एसी स्वीकारलं होतं, ती बदलायचा खर्च मोठा. शेजारी होप व्हॅलीतून जाणारा दुसरा मार्ग होताच, आणि त्यावर लहान गावं जास्त असल्यामुळे तो चालू ठेवणं भाग होतं. हिशेब बरोबर होता की चूक, यावर तिथे आजही वाद होतात. रूळ उखडले. आता त्या बांधावरून लोक चालतात, सायकली चालवतात. ज्या नव्या बोगद्यासाठी एवढा खटाटोप केला, त्यातून आज फक्त विजेच्या केबल जातात. मँचेस्टर ते हॅडफील्ड हा तुकडा जिवंत आहे, तो १९८४ पासून एसी विजेवर.

म्हणूनच प्रस्तावाला अर्थ आहे. जो मार्ग आज चालू आहे त्यावर तिकीट काढून बसता येतं. वूडहेडवर बसायचं तर हा एकच रस्ता उरला आहे.

तर प्रस्ताव असा लिहावा

मी आता लिहिला तर साधारण असा लिहीन:

'मार्ग: शेफील्ड व्हिक्टोरिया ते मँचेस्टर लंडन रोड, आणि वाथ यार्ड ते पेनिस्टन हा फाटा. वर्ष: १९५५. पहिला टप्पा: फक्त वाथ ते हॅडफील्ड, कारण मोठी शहरं बनवायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि मार्गाचं खरं काम डोंगरात आहे. इंजिनं: ईएम-१ आणि ईएम-२, दोन्हींचे नमुने जतन केलेले आहेत. चालवणाऱ्याचं काम: बँकर, ब्रेक नसलेल्या वाघिणी, रिजनरेटिव्ह ब्रेक. पुरावे: नकाशे, उंचीची मोजमापं, वर्किंग टाइमटेबल. मी स्वतः करू शकतो: नकाशांवरून स्टेशनांचे आराखडे, सेंट जेम्स चॅपलचं मॉडेल आणि माहितीची पानं.'

शेवटचं वाक्य विसरू नका. 'तुम्ही करा' म्हणणाऱ्याला एका ओळीचं उत्तर मिळतं. 'मी एवढं करतो' म्हणणाऱ्याशी लोक बोलायला लागतात. आणि कुणीतरी हा मार्ग आधीच केला असेल तर निराश होऊ नका, तो कोणत्या वर्षीचा आहे ते बघा. वर्ष वेगळं तर मार्ग वेगळा.

जाता जाता एक गोष्ट मंडळासाठी. वूडहेडचे ३२ आपल्याला माहीत आहेत, कारण कुणीतरी ते मोजले आणि पार्लमेंटपर्यंत नेले. आपल्या बोरघाटाचं काम १८५६ ते १८६३ या काळात झालं. तिथे मजूर हजारोंनी मेले, पटकीनं मेले, कड्यावरून पडून मेले. त्यांचा नेमका आकडा कुणाकडे नाही, फक्त अंदाज आहेत. नावं तर नाहीतच. कॅसलरॉकच्या घाटात मीटर गेजच्या काळात गाडी चालवलेले काका-आजोबा आपल्या भागात अजून आहेत. साखळी कशी ओढायची नाही, कुळ्याला बँकर कसा लागायचा, बोगद्यात काय वास यायचा, हे ते सांगू शकतात. त्यांच्याकडे एकदा वही घेऊन जायला हवं. आणि गेल्यावर पहिला प्रश्न तोच विचारायचा.

'आजोबा, हे कोणत्या वर्षीचं?'